माप कुणाच्या अंगाचं?

जानेवारी २००५मध्ये मेलबर्नला कर्णबधिर खेळाडूंच्या विसाव्या जागतिक स्पर्धा भरल्या, तेव्हा तिथे चेन्नईच्या क्लार्क स्कूल फॉर द डेफमधल्या मुली नाचल्या. रचना मुंबईच्या अस्ताद देबू यांची होती. संगीत होतं, पण नाचणाऱ्या मुलींसाठी ते नव्हतंच. आणि समोर जमलेल्यांतही ते न ऐकणाऱ्यांची संख्या मोठी होती.

ऐकू न येणाऱ्यांचं समूहनृत्य बांधायचं, तर पहिली अडचण अगदी साधी असते: निघायचं कधी? ऐकू येणाऱ्या नर्तकाला सम सापडते. तिहाई सुरू झाली की आता कुठे यायचं ते अंगालाच कळतं. एखादी मात्रा निसटली तर कान सावरून घेतो. हे सगळे आधार काढून घेतले की उरतात ते आकडे. देबू आकड्यांवरच काम करत. समजा, एक हालचाल सोळा अंकांची, पुढचे आठ अंक स्तब्ध, मग वळण. हे आकडे प्रत्येकीने मनातल्या मनात मोजायचे आणि साऱ्या जणींच्या मनातली चाल मात्र एकच ठेवायची. ती एक होईपर्यंत तालमी चालायच्या. सोबतीला नजर. पुढचीचा खांदा हलला की मागचीने निघायचं; पाठ फिरवून उभं राहायचं असेल, तर डोळ्यांच्या कडेला तिसरी कुणीतरी दिसेल अशी जागा घ्यायची. शिवाय विंगेतून हाताचे इशारे. अशा नाचात कुणी कुठे उभं राहायचं हे निव्वळ देखणेपणावर ठरत नाही. कोण कुणाला दिसतं यावर ते ठरतं, आणि त्यातून जी आकृती तयार होते ती ऐकू येणाऱ्या नर्तकांच्या रचनेत सहसा आलीच नसती.

सर्वांना सामावून घेणाऱ्या कलेची भाषा आज महोत्सवांच्या पत्रकांत आणि अनुदानाच्या अर्जांत सर्रास दिसते. तिची परीक्षा होते ती मात्र तालमीच्या खोलीत. शिंप्याने एकाच अंगाचं माप घेऊन कपडा शिवावा आणि ज्याला तो बसणार नाही त्याला अंग चोरायला सांगावं, तसा नाच शतकानुशतकं शिवला गेला. दोन पाय, दोन हात, ताठ कणा, तरणं वय, शाबूत डोळे-कान असा हा देह. पुढे त्यात रंग, जात, लिंग यांचीही मापं पडली. गेल्या चार दशकांत जगात ठिकठिकाणी काही कलावंतांनी नव्याने माप घ्यायला सुरुवात केली. त्यांचं काम पाहताना एकच प्रश्न हाताशी ठेवला तर बरंच काही स्पष्ट होतं. नर्तक आत आल्यावर बदललं कोण, नर्तक की नाच?

देबूंना हा प्रश्न सुचण्याचं एक कारण त्यांच्या स्वतःच्या वाटचालीत आहे. ते स्वतःच कुठल्या मापात बसत नव्हते. १९४७ साली नवसारीत, पारशी कुटुंबात जन्म, बालपण जमशेदपूरला, लहानपणापासून कथक. मुंबईत पोदार महाविद्यालयात वाणिज्य शाखेत शिकत असताना मरे लुईस यांच्या अमेरिकी नृत्यसंस्थेचा कार्यक्रम त्यांनी पाहिला आणि डोक्यात वेगळंच चक्र फिरलं. १९६९मध्ये शेळ्या-मेंढ्या वाहून नेणाऱ्या मालवाहू बोटीने ते मुंबई बंदरातून इराणच्या खोर्रमशहरला गेले आणि तिथून मिळेल त्या वाहनाने युरोपात. लंडनला मार्था ग्रॅहम यांची पद्धत, न्यूयॉर्कला होसे लिमोन यांची, पुढे जर्मनीत पिना बाउश यांच्या संस्थेचा अनुभव, आणि १९७७नंतर केरळी गुरू ई. के. पणिक्कर यांच्याकडे कथकली. इतकं सगळं अंगात मुरल्यावर जे तयार झालं त्याला इथल्या समीक्षकांनी परदेशी ठरवलं आणि तिकडच्यांना ते पुरेसं भारतीय वाटेना. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९९५मध्ये आला, पद्मश्री २००७मध्ये. त्याआधीची वर्षं रसिक जमवण्यात, आयोजक शोधण्यात आणि आपण नेमके कोण हे समजावून सांगण्यात गेली.

१९८०चं दशक संपत आलं असताना ते कोलकात्याच्या अ‍ॅक्शन प्लेयर्स या कर्णबधिर कलावंतांच्या नाट्यसंस्थेबरोबर काम करू लागले. झरीन चौधुरी यांनी उभी केलेली ही संस्था मूकाभिनय करत असे. पुढे वॉशिंग्टनचं कर्णबधिरांसाठीचं गॅलॉडेट विद्यापीठ झालं, चेन्नईचं क्लार्क स्कूल झालं. दिल्लीच्या सलाम बालक ट्रस्टमधल्या, रस्त्यावर दिवस काढलेल्या मुलांबरोबरही त्यांनी कित्येक वर्षं काम केलं आणि मणिपूरच्या पुंग या ढोलाच्या वादकांबरोबरही. प्रत्येक ठिकाणी त्यांचा आग्रह एकच असे: यांच्याकडे दयेने पाहू नका, कलावंत म्हणून कस लावा.

देबूंचा स्वतःचा नाच अतिशय संथ होता. हात खांद्यापासून वर जायला इतका वेळ लागे की पाहणाऱ्याचा श्वासही आपोआप मंदावे. अशा संथपणात ठेक्याचा आधार मिळत नाही. लय नर्तकाला आतूनच सांभाळावी लागते. कर्णबधिर नर्तकींच्या मनातल्या मोजणीशी या संथ शैलीचा सांधा जुळला, आणि दोन्ही बाजूंना त्याचा फायदा झाला असं त्यांचं काम पाहताना वाटतं. गुरूने शिष्यांना वर उचललं, एवढ्यावर हे काम संपवणं अन्यायाचं होईल. त्यांनाही या नर्तकींकडून काही मिळालं, ते त्यांच्या रचनांत दिसतं.

देबूंच्या मुंबईतल्याच एका मुलीच्या बाबतीत दुसरी गोष्ट घडली होती आणि ती घराघरांत पोचली. १९८१च्या मे महिन्यात तिरुचिरापल्लीजवळ बसला अपघात झाला आणि सुधा चंद्रन या किशोरवयीन भरतनाट्यम नर्तिकेचा उजवा पाय कापावा लागला. त्याच वर्षी जयपूरचे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. जयपूर फूट म्हणून ओळखला जाणारा रबराचा पाय त्यांनी कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या साथीने १९६०च्या दशकाच्या अखेरीस घडवला होता. अनवाणी चालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या, शेताच्या चिखलात उतरणाऱ्या माणसाला उपयोगी पडावा असा तो पाय. पाश्चात्त्य कृत्रिम पाय बुटात घालायचा. हा जमिनीवर टेकवायचा. भरतनाट्यमला नेमकं तेच लागतं. सुधा चंद्रन जयपूरला गेल्या, तो पाय बसवून घेतला, वेदना सोसत पुन्हा अरमंडीत, म्हणजे गुडघे वाकवलेल्या अर्ध्या बैठकीत, बसायला शिकल्या आणि १९८४मध्ये परत रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांच्यावरचा ‘मयूरी’ हा तेलुगू चित्रपट त्याच सुमाराला आला, १९८६मध्ये हिंदी ‘नाचे मयूरी’. दोन्हींत नायिका त्याच.

त्या जिद्दीपुढे मान झुकतेच. पण वरचा प्रश्न इथे लावला तर उत्तर वेगळं येतं. इथे भरतनाट्यम होतं तसंच राहिलं. बदलावं लागलं ते शरीराला. नाचाचं जुनं माप पुन्हा गाठता आलं, म्हणून टाळ्या पडल्या. ज्यांना ते गाठता येणार नाही, ज्यांच्यासाठी कुठलाही कृत्रिम अवयव पुरा पडणार नाही, त्यांच्यासाठी या गोष्टीत जागा नव्हती. आपल्याकडे अपंगत्व आणि नृत्य म्हटलं की आजही हीच गोष्ट आधी आठवते. त्यामुळे दुसरी वाट कितीतरी वर्षं झाकलेली राहिली.

ती दुसरी वाट इंग्लंडमध्ये एका अपघातातूनच निघाली. सेलेस्ट डँडेकर ही लंडन कंटेम्पररी डान्स थिएटरची नर्तिका. १९७३मध्ये मँचेस्टरला प्रयोग चालू असताना ती पडली, मानेला इजा झाली आणि पुढचं आयुष्य चाकाच्या खुर्चीत आलं. नाचणं संपलं असं तिने धरून चाललं होतं. पुढे तिचा जुना सहकारी, पंजाबात जन्मलेला नर्तक-दिग्दर्शक दर्शनसिंग भुल्लर याने तिला घेऊन एक नृत्यपट करायचं ठरवलं. त्या कामात तिच्या लक्षात आलं की तिच्या आताच्या शरीरालाही स्वतःची हालचाल आहे. अ‍ॅडम बेंजामिनबरोबर तिने उत्तर लंडनमधल्या स्टॅनमोर इथल्या अ‍ॅस्पायर या मणक्याच्या दुखापतीच्या केंद्रात कार्यशाळा घ्यायला सुरुवात केली आणि १९९१मध्ये त्यातून कँडोको ही संस्था उभी राहिली. अपंगत्व असलेले आणि नसलेले व्यावसायिक नर्तक एकाच संचात, एकाच पातळीवर.

कँडोकोमध्ये लवकरच डेव्हिड टूल आला. लीड्सचा, टपाल खात्यात नोकरी करणारा. जन्मजात विकारामुळे लहानपणीच त्याचे दोन्ही पाय काढावे लागले होते. टूल हातांवर चालत असे. चालत असे म्हणजे कसाबसा सरकत असे, असं नाही. तळहात टेकवून धड उचलायचं, खांद्यांतून ते पुढे झुलवायचं, आणि मनात आलं तर एका हातावर सगळा तोल पेलून दुसरा हात मोकळा करायचा. दोन पायांच्या नर्तकाचं वजन कमरेखालून जमिनीत जातं, टूलचं खांद्यांतून. त्याच्याबरोबर नाचणाऱ्याला हे नव्याने शिकावं लागे. त्याला उचलायचं तर पकड कुठे घ्यायची, त्याच्या हातांवर आपलं वजन केव्हा टाकायचं, मुळात आपण उभं राहायचं की जमिनीवर उतरायचं. टूल आल्यावर सगळा नाच जमिनीलगत आला आणि तिथे कितीतरी जागा आहे हे सगळ्यांना दिसलं.

डीव्हीएट या संस्थेच्या लॉइड न्यूसन यांनी २००४मध्ये केलेल्या ‘द कॉस्ट ऑफ लिव्हिंग’ या नृत्यपटात टूलचे दोन प्रसंग आहेत. क्रोमर या समुद्रकाठच्या गावात हंगाम संपलाय, कलाकार रिकामे झालेत. एका प्रसंगात कॅमेरा घेतलेला माणूस टूलच्या तोंडासमोर येऊन त्याच्या शरीराबद्दल एकामागून एक प्रश्न फेकतो. अगदी खासगी, ओशाळं करणारे प्रश्न. दुसऱ्या प्रसंगात टूल खुर्ची सोडतो, हातांवर चालत बॅलेच्या सराव-वर्गात शिरतो आणि तिथल्या नर्तिकेबरोबर नाचू लागतो. ती जमिनीवर उतरते. आता दोघांची उंची एक झालेली असते. आधीच्या प्रसंगातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर चित्रपट देत नाही, आणि या नाचानंतर ते प्रश्न कुणाला आठवतही नाहीत. २९ ऑगस्ट २०१२ला लंडन पॅरालिंपिक्सच्या उद्घाटनात टूल भरल्या मैदानात नाचला. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला.

नाच कसा बदलतो याचा सगळ्यात स्पष्ट दाखला मात्र कँडोकोच्याच आणखी एका कामात मिळतो. अमेरिकी नृत्यकार ट्रिशा ब्राउन यांची ‘सेट अँड रिसेट’ ही १९८३ची रचना आधुनिक नृत्यातली अभिजात मानली जाते. संगीत लॉरी अँडरसन यांचं, नेपथ्य आणि वेशभूषा चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांची. पाण्यासारखा वाहणारा, सांधे सैल सोडलेला हा नाच ज्या शरीरांवर बांधला गेला ती सारी सडसडीत, सगळ्या अवयवांची. २०११मध्ये कँडोकोने तो करायला घेतला. जुनी चित्रफीत पाहून हुबेहूब नक्कल करायची तर चाकाच्या खुर्चीतल्या किंवा एक हात अर्ध्यावर असलेल्या नर्तकाच्या वाट्याला उणेपणाशिवाय काही आलं नसतं. पण ब्राउन यांनी मूळ रचना घडवताना नर्तकांना पाच सूचना दिल्या होत्या. साधं ठेवा. आतून येईल तसं वागा. रंगमंचाच्या कडेकडेने फिरा. दिसणं आणि न दिसणं यांच्याशी खेळा. रांगेत या.

या पाच सूचनांत पायाचा उल्लेख नाही, हाताचा नाही, उंचीचा नाही. कँडोकोच्या नर्तकांनी मूळ हालचालींचे तुकडे शिकून घेतले, ते आपापल्या अंगात उतरवले आणि त्याच पाच नियमांनी पुन्हा रचना उभी केली. निघालेला नाच ब्राउन यांचाच होता, आणि तरी तो पूर्वी कुणी पाहिलेला नव्हता. रचनेचा गाभा अवयवांत नसून नियमांत होता हे इतक्या वर्षांनी उघड झालं. शास्त्रीय नृत्याच्या आपल्याकडच्या गुरूंनी या उदाहरणाशी जरा थांबावं असं वाटतं. आपल्या बंदिशीत, तोड्यात, जतीत नेमकं काय अढळ आहे आणि काय केवळ सवयीने पायाशी बांधलं गेलंय, याचा विचार त्यातून सुरू होऊ शकतो.

या सगळ्याला विरोध झाला नाही असं नाही. तो झाला आणि तो महत्त्वाचा होता. नृत्यकार बिल टी. जोन्स हे कृष्णवर्णीय, समलिंगी आणि एचआयव्हीबाधित. त्यांचे जोडीदार आणि सहकारी आर्नी झेन १९८८मध्ये एड्सने गेले होते. जोन्स यांनी गावोगावी जीवघेण्या आजारांशी झुंजणाऱ्या लोकांच्या कार्यशाळा घेतल्या, त्यांच्या हालचाली आणि बोलणं घेऊन १९९४मध्ये ‘स्टिल/हिअर’ ही रचना केली. त्या काळच्या सर्वांत वजनदार समीक्षकांपैकी एक असलेल्या आर्लीन क्रोची यांनी ‘न्यू यॉर्कर’मध्ये लेख लिहून जाहीर केलं की ही रचना त्यांनी पाहिलेली नाही आणि त्या पाहणारही नाहीत. ज्यांची कीव करावी लागते अशांना समोर उभं केलं की समीक्षकाच्या हातात काही उरत नाही, असा त्यांचा मुद्दा. न पाहता लिहिणं समर्थनीय नव्हतंच. शिवाय रचनेत नाचत होते ते जोन्स यांचे तरबेज नर्तक, आजारी माणसं नव्हे.

तरी क्रोची यांनी ज्या किवेचा उल्लेख केला ती खरी आहे, आणि तिचा जाच सगळ्यांत जास्त होतो तो कलावंतालाच. आपल्याकडे विशेष शाळांच्या स्नेहसंमेलनात हे दृश्य नेहमीचं असतं. शिक्षिका रंगमंचाखाली उभ्या राहून एकेक हालचाल करून दाखवतात, वर मुलं ती करतात आणि नाच संपायच्या आत प्रेक्षक डोळे पुसत टाळ्या वाजवू लागतात. त्या टाळ्यांत प्रेम असतं. पण कुठल्या मुलाची पकड पक्की होती, कुणी जागा चुकवली, रचना कुठे रेंगाळली, हे त्यातल्या कुणी पाहिलेलं नसतं. कलावंताला वाढायला नेमकी हीच दाद आणि हीच टीका हवी असते. देबूंचा कस लावण्याचा आग्रह इथून यायचा. ज्याच्या नाचावर टीका करायला लोक कचरतात, त्याला अजून नर्तक मानलेलं नाही.

आणखी एक गुंता आहे, सहीचा. नाच कुणाचा म्हणून ओळखला जातो? झुरिकच्या थिएटर होरा या बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यावसायिक नटांच्या संस्थेबरोबर फ्रेंच नृत्यकार जेरोम बेल यांनी २०१२मध्ये ‘डिसेबल्ड थिएटर’ केलं. एकेक नट येतो आणि एक मिनिट प्रेक्षकांसमोर नुसता उभा राहतो. मग नाव, वय, व्यवसाय सांगतो. आपलं अपंगत्व सांगतो. पुढे स्वतः बसवलेला नाच करतो. बेल यांनी त्यातले सातच नाच निवडले होते. ज्यांचे वगळले गेले त्यांची नाराजीही प्रयोगात आली आणि शेवटी त्यांनाही नाचायला मिळालं. एका नटाच्या घरच्या माणसांना हा प्रकार जत्रेतल्या तमाशासारखा वाटला, हेसुद्धा रंगमंचावरच सांगितलं जातं. त्यातल्या युलिया हॉयझरमान हिला २०१३मध्ये बर्लिनच्या नाट्यमहोत्सवात तरुण नटांसाठीचा आल्फ्रेड केर पुरस्कार मिळाला. पुरस्कार तिच्या कामाला होता, हे मोठंच. पण युरोपभर रचना ओळखली गेली ती बेल यांच्या नावाने, आणि निवडायचा-वगळायचा अधिकारही त्यांचाच होता.

ही सही आपल्या हातात घेणाऱ्यांची एक पिढी आता तयार झाली आहे. स्कॉटलंडच्या क्लेअर कनिंगहॅम कुबड्यांवर चालतात आणि कुबड्यांनीच नाचतात. मूळच्या त्या गायिका. मध्ययुगीन चित्रकार हिएरोनिमस बॉश यांच्या चित्रांतले पांगळे भिकारी आणि नाझींनी मारलेली अपंग माणसं यांच्या आठवणीतून त्यांनी २०१४मध्ये एक एकल रचना केली. पिना बाउश यांचे दशकभराचे नाट्यसल्लागार राइमुंड होगे यांनी १९९४पासून आपली वाकलेली पाठ घेऊन स्वतःच रंगमंच गाठला होता.

अ‍ॅलिस शेपर्ड यांची कहाणी आणखी निराळी. त्या मध्ययुगीन इंग्रजीच्या प्राध्यापक. २००४मध्ये एका परिषदेत कर्करोगात पाय गमावलेला नर्तक होमर अ‍ॅव्हिला नाचला आणि नंतर त्याने त्यांना नाचाच्या वर्गाला जाऊन दाखव म्हणून आव्हान दिलं. अ‍ॅव्हिला त्यानंतर लवकरच वारला. शेपर्ड यांनी विद्यापीठातली कायम नोकरी सोडली, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या अ‍ॅक्सिस या १९८७पासून चालत आलेल्या संस्थेत काम केलं आणि २०१६मध्ये कायनेटिक लाइट ही आपली संस्था काढली. संस्थेचे कलावंत अपंगत्व असलेले. ‘डिसेंट’ या त्यांच्या रचनेत शेपर्ड आणि लॉरेल लॉसन दोघी चाकाच्या खुर्च्यांसह एका भल्यामोठ्या उतरणीवर नाचतात. सरकारी इमारतीच्या दाराशी नाइलाजाने बांधलेला रॅम्प आपल्या ओळखीचा असतो. इथे सारा रंगमंचच रॅम्प आहे, चढ-उतारांचा, वळणांचा. ओलिन अभियांत्रिकी महाविद्यालयात त्याचा आराखडा झाला. उतारावर चाक सोडलं की वेग आपोआप येतो, तो मनगटाने आवरायचा. चढावर खांदे लावायचे. माथ्यावर तोल सांभाळत थांबायचं. दोन पायांच्या नर्तकाला जी घसरण कधी मिळणार नाही ती इथे नाचाचं मुख्य द्रव्य होते. दृष्टिहीन रसिकांसाठी त्यांनी फोनवरचं एक अ‍ॅप तयार केलं. त्यात एकाच नाचाची अनेक वर्णनं असतात. कुणी हालचालींचं नेमकं वर्णन ऐकावं, कुणी त्यावरची कविता, कुणी चाकांचा आणि श्वासांचा आवाज. निवड रसिकाची.

माप फक्त अवयवांचं नसतं. बॅलेचे पायमोजे आणि बूट गुलाबी असतात ते गोऱ्या कातडीशी मिळते म्हणून. पाय बोटांपर्यंत अखंड दिसावा हा हेतू. आर्थर मिचेल यांनी काढलेल्या डान्स थिएटर ऑफ हार्लेमच्या नर्तिकांनी १९७०च्या दशकात आपापल्या वर्णाचे पायमोजे आणि बूट वापरायला सुरुवात केली. लंडनच्या फ्रीड या नामांकित कंपनीने तपकिरी छटांचे बूट विकायला काढले ते २०१८मध्ये. तोवर कृष्णवर्णीय नर्तिका चेहऱ्याची रंगभूषा बुटांना फासत आल्या. त्याच वर्षी, ६ सप्टेंबरला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी ३७७व्या कलमातली तरतूद काढून टाकली. तो खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते नवतेजसिंग जोहर हे ‘कलाक्षेत्र’ या नृत्यसंस्थेत शिकलेले भरतनाट्यम नर्तक आहेत. नायिकेचा विरह पुरुषाच्या देहातून मांडण्याची मुभा ज्या नृत्यपरंपरेने दिली होती, तिच्यातल्या कलावंताला आपल्या प्रेमासाठी न्यायालयात जावं लागलं.

पुण्यात या विषयाला वेगळंच वळण मिळालं. कथक शिकून पुढे जर्मनीत समकालीन नृत्याचं शिक्षण घेतलेले हृषिकेश पवार यांनी साधारण दीड दशकापूर्वी पार्किन्सन्स असलेल्यांसाठी नृत्यवर्ग सुरू केले. जगात अशा वर्गांचा पाया ब्रुकलिनच्या मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१मध्ये घातला होता. या आजारात मेंदूतलं डोपामिन कमी होतं आणि आपोआप होणाऱ्या हालचाली अडू लागतात. चालताना पाऊल जमिनीला चिकटल्यासारखं थिजतं, विशेषतः दाराच्या उंबऱ्यापाशी किंवा वळताना. अशा वेळी बाहेरून लय मिळाली, कुणी मोठ्याने एक-दोन-तीन म्हटलं, फरशीवर आडवी रेघ दिसली, तर तेच पाऊल उचललं जातं.

क्लार्क स्कूलच्या मुलींशेजारी हा वर्ग ठेवून पाहावा. तिकडे बाहेरची लय नाही, म्हणून ती आत मोजायची. इकडे आतली लय डळमळते, म्हणून ती बाहेरून आणायची. दोन्हीकडे नृत्यकाराला एकच काम करावं लागतं: खूण कुठून येईल आणि ती अंगापर्यंत कशी पोचेल हे नव्याने आखणं. रचना म्हणतात ती याहून वेगळी नाही. पुण्याच्या वर्गातल्या ज्येष्ठांना आजारी म्हणून न बोलावता नाच शिकणारे म्हणून बोलावलं जातं. वर्ग संपल्यावर दुखणं जागेवर असतं, पण मधला तासभर हात आणि पाय कशासाठी हलवायचे याचं कारण निराळं असतं.

भारतात २०११च्या जनगणनेत अपंगत्व असलेल्यांची संख्या २ कोटी ६८ लाख नोंदली गेली. महाराष्ट्रात ती २९ लाखांच्या पुढे होती. यातल्या नाचू इच्छिणाऱ्याच्या वाटेत पहिली येते ती पायरी, अगदी शब्दशः. जुन्या नाट्यगृहांत प्रेक्षागृहाच्या दाराशी रॅम्प झाला तरी रंगपटातून विंगेत जायला पायऱ्याच असतात. बांधणाऱ्यांनी अशा माणसाची कल्पना केली ती प्रेक्षक म्हणून. तो रंगमंचावर येईल हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

दुसरी अडचण शिक्षणाची, आणि ती दूर करणं सिमेंट ओतण्यापेक्षा कठीण आहे. महाराष्ट्रात दरवर्षी कितीतरी मुलंमुली कथक-भरतनाट्यमच्या परीक्षा देतात. तत्कार पायाने वाजवायचा, पढंत तोंडाने म्हणायची, ताल हाताने धरायचा. चाकाच्या खुर्चीतल्या मुलीने तत्कार मनगटात घुंगरू बांधून तळहातांनी वाजवला तर? कर्णबधिर मुलाने पढंत हातांच्या खुणांनी, आवर्तन अचूक राखून केली तर? लयकारी, जागा, समेवर येणं, अंगाची स्वच्छता हे सगळं तिथेही तपासता येईल. गुण कशाला द्यायचे याचे निकष मात्र पुन्हा लिहावे लागतील, आणि ते लिहिताना असे नर्तक सोबत बसलेले असावे लागतील. अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या हक्कांचा २०१६चा कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. त्याच्या २९व्या कलमात कलावंतांना साहाय्य देण्याबरोबरच, सर्वांना भाग घेता यावा म्हणून कलाविषयांचे अभ्यासक्रम नव्याने आखण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. हा कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू आहे.